टांझानिया आणि अल्बिनिझम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टांझानियात अल्बिनिझम असलेल्या माणसांवर होणाऱ्या हल्ल्यांच्या बातम्या अधूनमधून आपल्यापर्यंत पोहोचतात आणि त्या वाचून पडणारे प्रश्न बहुधा तेच असतात : हे खरोखर घडते का, का घडते आणि सरकार काय करते. त्यांची उत्तरे पुढे आहेतच. मात्र या माणसांची रोजची गाठ पडते ती उन्हाशी, शाळेतल्या फळ्याशी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी. म्हणून त्यासंबंधीचे प्रश्नही येथे घेतले आहेत.

अल्बिनिझम म्हणजे नेमके काय? ते कोड असते का?

नाही. कोडामध्ये जन्मतः असलेला रंग पुढे केव्हातरी ठिकठिकाणी जातो, कारण रंग तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. अल्बिनिझममध्ये त्या पेशी जागेवर असतात, पण त्यांच्याकडून मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होत नाही किंवा फारच थोडे तयार होते. त्यामुळे त्वचा, केस आणि डोळे तिन्हींवर जन्मापासून परिणाम झालेला असतो. आफ्रिकेत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात केस पिवळसर, वाळलेल्या गवताच्या रंगाचे असतात, त्वचा फिकट असते आणि उन्हाने तिच्यावर तपकिरी ठिपके उठतात. डोळे लाल असतात ही समजूत चुकीची असून ते बहुधा फिकट तपकिरी किंवा निळसर असतात. कोड काय किंवा अल्बिनिझम काय, स्पर्शाने यातले काहीही पसरत नाही.

आई आणि वडील दोघेही काळे असताना असे मूल कसे जन्माला येते?

टांझानियातल्या अनेक घरांत या प्रश्नाचे उत्तर आईच्या माथी मारले जाते. तिने गोऱ्या माणसाशी संबंध ठेवला, पूर्वजांचा कोप ओढवून घेतला किंवा गरोदरपणी काहीतरी अशुभ पाहिले, असे बोलले जाते आणि पुष्कळदा नवरा घर सोडून निघून जातो.

वस्तुस्थिती अशी आहे की प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यांतली एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम निभावून नेते आणि माणसाचा रंग नेहमीसारखाच राहतो. आपल्याकडे अशी प्रत आहे हे त्याला आयुष्यभर कळतही नाही. असे दोन वाहक नवराबायको म्हणून एकत्र आले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक वेळा दोन्ही सदोष प्रती मुलाच्या वाट्याला येण्याची शक्यता असते. म्हणजे जो बाप बायकोवर संशय घेऊन घर सोडतो, त्याच्याकडूनच त्या मुलाला निम्मा वारसा मिळालेला असतो. प्रसूतिगृहातल्या परिचारिकेने एवढी एक गोष्ट बाळ दाखवतानाच दोघांना समोर बसवून नीट समजावून सांगितली, तर पुढचे पुष्कळ अनर्थ टळू शकतात, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात, आणि ते मला पटते.

हे प्रमाण टांझानियात जास्त आहे का?

होय. जगभरात साधारण १७,००० ते २०,००० माणसांमागे एकाला अल्बिनिझम असतो, तर टांझानियासाठी १,४०० माणसांमागे एक असा अंदाज नेहमी दिला जातो. ओसीए२ नावाच्या जनुकातला एक तुकडा गळून गेल्याने हा दोष निर्माण होतो, आणि नेमका तोच तुकडा गळालेला दोष टांझानियापासून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत सापडतो. अर्थात तो फार जुना आहे आणि माणसांच्या स्थलांतराबरोबर पसरत गेला आहे. व्हिक्टोरिया सरोवरातल्या उकेरेवे बेटासारख्या ठिकाणी अल्बिनिझम असलेली बरीच कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

स्थानिक लोक त्यांना काय म्हणतात? आपण कोणता शब्द वापरावा?

स्वाहिलीत जुना शब्द ‘झेरूझेरू’. त्यात भुताखेताची छटा आहे, आणि तो तोंडावर म्हटला की शिवीच होते. गेल्या दोन दशकांत त्याच्या जोडीला ‘दिली’ हा शब्द आला. इंग्रजीतल्या ‘डील’चे हे स्वाहिली रूप असून अर्थ सरळ आहे : सौदा. रस्त्याने जाणाऱ्या मुलीला पाहून टपरीवर बसलेला कुणी नुसते ‘दिली’ म्हणतो आणि सोबतचे हसतात. त्याला कदाचित ती गंमत वाटत असेल. तिला मात्र आपल्या अंगाचा भाव ठरलेला आहे, याची आठवण भर बाजारात करून दिली जाते.

सन्मानाने बोलायचे तर स्वाहिलीत ‘वातू वेन्ये उआल्बिनो’, म्हणजे अल्बिनिझम असलेली माणसे, असे म्हणतात. तेथील राष्ट्रीय संघटनेनेही आपल्या नावातला ‘अल्बिनो’ हा शब्द काढून तेथे ‘अल्बिनिझम’ घातला, यावरून त्यांची पसंती कळते. मराठीतही ‘अल्बिनिझम असलेली व्यक्ती’ असे म्हणावे. शब्द थोडा लांबतो, पण त्यात माणूस शिल्लक राहतो.

हल्ले नेमके का होतात?

कारण या व्यवहारात गिऱ्हाईक आहे, आणि त्याच्या हातात पैसा आहे. नुसते ‘अंधश्रद्धेमुळे’ म्हणून थांबले, तर ही गोष्ट नजरेआड होते.

अल्बिनिझम असलेल्या माणसाच्या अवयवांपासून केलेल्या औषधाने नशीब फळफळते, अशी समजूत काही मांत्रिकांनी पसरवली. तेथे मांत्रिकाला किंवा वैदूला ‘म्गांगा’ म्हणतात. बहुतेक म्गांगा झाडपाल्याची औषधे देतात आणि त्यांचा या प्रकाराशी काही संबंध नसतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. हल्ल्यांची सर्वाधिक नोंद झाली ती व्हिक्टोरिया सरोवराभोवतीच्या म्वान्झा, शिन्यांगा, गेईता, कागेरा, सिमियू या प्रदेशांत. हा भाग सोन्याच्या लहान खाणींचा आणि मासेमारीचा. दोन्ही धंद्यांत कष्ट आणि कमाई यांचा मेळ बसत नाही : एक माणूस सहा महिने खड्डा खणून रिकाम्या हाताने परततो आणि शेजारच्या खड्ड्यात दुसऱ्याला आठवड्यात सोने लागते. असे का झाले, याचे उत्तर ज्याला हवे असते त्याला म्गांगा उत्तर देतो आणि त्यावर उपायही सांगतो. निवडणुका जवळ आल्या की भीती वाढते, कारण पद मिळवण्यासाठीही असे तोडगे केले जातात, असे लोक मानतात.

साधारण २००६-०७ पासून अशा खुनांची नोंद होऊ लागली. २००८ साली बीबीसीसाठी काम करणाऱ्या व्हिकी न्तेतेमा या टांझानियन पत्रकार महिलेने गिऱ्हाईक असल्याचे भासवून मांत्रिकांच्या भेटी घेतल्या आणि हा व्यापार उघडकीस आणला. त्यानंतर आलेल्या धमक्यांमुळे त्यांना काही काळ लपून राहावे लागले. २००० पासून टांझानियात किमान ७५ जणांचा खून झाल्याचा आकडा संयुक्त राष्ट्रांनी २०१५ च्या सुमारास दिला होता. हात किंवा पाय गमावून वाचलेले, आणि ज्यांच्या थडग्यांची विटंबना झाली ते, यांची गणती वेगळी. गेलेल्या माणसाला घराच्या आवारातच पुरून वर सिमेंट काँक्रीटचा जाड थर ओतणारी कुटुंबे या भागात आहेत.

सर्वांत अस्वस्थ करणारी बाब अशी की हल्लेखोरांना वाट दाखवणारा पुष्कळदा घरातला किंवा ओळखीचा असतो. २०२४ साली कागेरा प्रदेशात अडीच वर्षांच्या मुलीला घरातून पळवून तिचा खून करण्यात आला. त्या प्रकरणात ज्यांच्यावर आरोप ठेवले गेले, त्यांत तिचे वडील आणि एक ख्रिस्ती धर्मगुरू होते.

अवयवांच्या किमतीचे आकडे मी येथे मुद्दाम दिलेले नाहीत. ते आकडे बातम्यांतून जगभर फिरले, आणि ‘एवढे पैसे मिळतात म्हणे’ ही अफवा पसरवण्यात त्यांचाही हातभार लागला असावा, असे मला वाटते.

ही आफ्रिकेची जुनी परंपराच आहे ना?

असे म्हणणे सोयीचे आहे, पण बरोबर नाही. अल्बिनिझमविषयी भीती आणि गैरसमज जुने आहेत. ही माणसे मरत नाहीत, एक दिवस अदृश्य होतात, असे म्हटले जाई, आणि अशा मुलांना घरात दडवून ठेवले जाई. अवयवांचा बाजार मात्र आपल्या डोळ्यांदेखत उभा राहिला आहे. सरोवराभोवतीच्या याच भागात, सुकुमा जमातीच्या मुलखात, त्याआधीपासून म्हाताऱ्या बायकांना चेटकीण ठरवून मारले जात होते, आणि लाल डोळे ही चेटकिणीची खूण मानली जाई. लाकडाच्या आणि शेणाच्या गोवऱ्यांच्या धुरात आयुष्यभर चूल फुंकणाऱ्या बाईचे डोळे लाल होणार नाहीत, तर काय होईल?

मराठी वाचकाने येथे नाक मुरडण्याचे कारण नाही. पायाळू माणसाला जमिनीखालचे धन दिसते, ही समजूत आपल्याकडे कालपरवापर्यंत होती, आणि जन्माच्या एखाद्या खुणेवरून माणसाच्या शरीराला अद्भुत गुण चिकटवण्याचाच तो प्रकार आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या लोभाने बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या. नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात आला तो २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाल्यानंतर. धन, मांत्रिक आणि दुबळ्याचे शरीर हे त्रिकूट आपल्याला अनोळखी नाही.

सरकारने काय केले?

बरेच काही केले. त्यातले काही उपयोगी पडले, तर काही केवळ दिसण्यापुरते होते. राष्ट्राध्यक्ष जकाया किक्वेते यांनी २००८ साली अल्बिनिझम असलेल्या अल-शायमा क्वेग्यिर यांची संसदेवर नेमणूक केली. २००९ च्या जानेवारीत पंतप्रधान मिझेंगो पिंडा यांनी म्गांगांचे परवाने रद्द केले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात काहामा येथे एका किशोरवयीन मुलाच्या खुनाबद्दल तिघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. अशा प्रकरणातली ती पहिली शिक्षा. २०१० साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. २०१५ मध्ये, निवडणुकीच्या वर्षी, म्गांगांवर पुन्हा बंदी घालून दोनशेहून अधिक जणांना अटक करण्यात आली.

पुन्हा बंदी घालावी लागली, यातच पहिल्या बंदीची कहाणी आहे. ज्या खेड्यात दवाखाना अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असतो, तेथे ताप आला तरी माणूस आधी म्गांगाकडेच जातो. अशा देशात सरसकट बंदी कागदावरच राहते. जादूटोण्याविषयीचा मूळ कायदा तर ब्रिटिशांनी १९२८ साली केलेला. शिक्षा झाल्या त्या बहुतेक कुऱ्हाड चालवणाऱ्यांना. पैसे मोजणारा, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळे घडले तो, क्वचितच न्यायालयासमोर आला, आणि माझ्या दृष्टीने राज्यव्यवस्थेचे सर्वांत मोठे अपयश हेच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरुशा येथील मानवी हक्कांच्या आफ्रिकी न्यायालयानेही अल्बिनिझम असलेल्या नागरिकांच्या हक्कांचे रक्षण करण्यात टांझानिया कमी पडल्याचा निवाडा दिला.

मुलांसाठी निवारे काढले होते ना?

होय. हल्ले वाढल्यावर सरोवराच्या भागातली मुले सुरक्षिततेसाठी कुंपण घातलेल्या निवासी केंद्रांत हलवली गेली. शिन्यांगाचे बुहांगिजा केंद्र त्यांतले एक. जीव वाचले हे खरे. पण एकेका केंद्रात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त मुले दाटीवाटीने राहू लागली, आणि काही आईवडील पुन्हा भेटायला आलेच नाहीत. चार वर्षांचे मूल कुंपणाआड वाढले की त्याला घरची बोली आणि शेतीची कामे कळत नाहीत, आणि गावाला त्या मुलाची ओळख राहत नाही. तात्पुरती म्हणून केलेली सोय कायमची होऊन बसली.

त्यांना दिसत नाही का?

दिसते, पण अंधुक. गर्भात असताना डोळ्यांची वाढ नीट होण्यासाठीही मेलॅनिन लागते. ते नसल्याने दृष्टिपटलाचा मध्यबिंदू अपुरा घडतो आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या काही नसा वेगळ्या वाटेने जातात. म्हणून चष्म्याने थोडा फरक पडला, तरी दृष्टी पूर्ण होत नाही. बुबुळे सतत डावीउजवीकडे हलत असतात आणि प्रखर प्रकाश सहन होत नाही.

वर्गात हे असे दिसते : मूल पुस्तक नाकापासून चार बोटांवर धरते आणि मान एका बाजूला कलती करून वाचते. नीट बस म्हणून मास्तर त्याची मान सरळ करतात आणि अक्षरे पुन्हा थरथरू लागतात. त्या विशिष्ट कोनात डोळ्यांची हालचाल सर्वांत कमी होते, हे त्या मुलाने स्वतःच शोधून काढलेले असते. फळ्यावरचे त्याला पहिल्या बाकावरूनही वाचता येत नाही, म्हणून ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते. आणि शेजारी बसायलाच कुणी तयार नसेल, तर तो धडा बुडतो. अनेक मुलांना अंधशाळेत घालून ब्रेल शिकवली जाते, आणि तेथे ती कागदावरचे उंचवटे बोटांऐवजी डोळ्यांनी वाचतात. मोठ्या टायपातले पुस्तक, लांबचे पाहण्यासाठी एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण आणि खिडकीपासून दूर पुढची जागा एवढ्यावर साध्या शाळेत भागते.

सर्वांत मोठा धोका कोणता?

ऊन. हल्ल्यांची बातमी होते, त्वचेच्या कर्करोगाची होत नाही; पण या माणसांच्या अकाली मृत्यूचे मुख्य कारण तोच आहे. विषुववृत्ताजवळच्या उन्हात, डोक्यावर काही न घेता कापसाच्या किंवा मक्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाच्या कानाच्या पाळीवर, ओठावर किंवा मानेवर आधी खरखरीत चट्टा येतो, मग न भरणारी जखम होते, आणि विशी-तिशीतच कर्करोग हाताबाहेर जातो. आफ्रिकेत अशा रुग्णांमध्ये त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा कर्करोग अधिक आढळतो. तो वेळेवर कापून काढला, तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो, आणि म्हणूनच हे मृत्यू अधिक सलतात. किरणोपचारांची सोय अनेक वर्षे देशभरात फक्त दार-एस-सलाममधल्या ओशन रोड कर्करोग संस्थेत होती. म्वान्झाहून तेथवर हजार किलोमीटरहून अधिक अंतर. बसभाडे, राहण्याची सोय आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब करून माणूस ‘पुढच्या हंगामानंतर जाऊ’ म्हणतो.

पूर्वग्रह येथेही आड येतो. रुंद कडेची टोपी आणि लांब बाह्या घातल्या की मूल वर्गात वेगळे दिसते आणि चिडवले जाते, म्हणून ते टोपी दप्तरात कोंबते. गणवेश म्हणजे अर्धी चड्डी आणि आखूड बाह्यांचा सदरा, असा आग्रह मुख्याध्यापकांनी धरला, तर दुपारच्या कवायतीत हातपाय भाजतात. वर शिक्षण अर्धवट राहिलेल्या माणसाला सावलीतले काम मिळत नाही. तो शेतावर किंवा रस्त्याकडेला विक्रीला बसतो, म्हणजे पुन्हा उन्हातच.

एक आशादायक काम मोशी येथे चालते. किलिमांजारोच्या पायथ्याशी असलेल्या या शहरात त्वचारोगांचे प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तेथे ‘किलीसन’ नावाचे ऊनरोधक मलम खास या लोकांसाठी तयार होते. ते बनवणाऱ्यांत अल्बिनिझम असलेले कर्मचारीही आहेत. फिरत्या दवाखान्यांतून ते मोफत वाटले जाते, आणि त्याच भेटीत डॉक्टर त्वचा तपासून कर्करोगापूर्वीचे चट्टे द्रवरूप नायट्रोजनने गोठवून काढतात. वाटताना एक गोष्ट हमखास सांगावी लागते : मलम लावले म्हणून दिवसभर उन्हात राहायचे नाही. आधी सावली, मग कपडे, मग टोपी, आणि उरलेल्या उघड्या जागी मलम.

स्त्रियांची स्थिती वेगळी आहे का?

आहे, आणि ती अधिक कठीण आहे. अल्बिनिझम असलेल्या स्त्रीशी संबंध ठेवला की एड्स बरा होतो, अशी अफवा काही भागांत पसरली आणि तिच्यामुळे बलात्कार झाले. लग्नाच्या बाजारात तिला नाकारले जाते, किंवा दिवसा ओळख न दाखवणारा पुरुष रात्री येतो. स्वतः अल्बिनिझम नसली तरी अशा मुलाची आई झालेल्या बाईलाही हाच बहिष्कार सोसावा लागतो.

या समाजातून कोणी पुढे आले आहे का?

टांझानियात सालूम खल्फान बरवानी २०१० साली लिंडी शहरातून निवडून आले. अल्बिनिझम असलेले ते तेथील पहिले निवडून आलेले खासदार. डॉ. अब्दल्ला पोस्सी हे वकील २०१५ मध्ये उपमंत्री झाले आणि पुढे जर्मनीत राजदूत. शेजारच्या केनियात मुंबी न्गुगी या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश होत्या, पुढे अपील न्यायालयात गेल्या. मालीचे गायक सालिफ केइता (जन्म १९४९) यांचे घराणे तेराव्या शतकातल्या सुंद्याता केइता या राजाशी नाते सांगणारे. अशा कुळातल्या मुलाने गाणेबजावणे करू नये असा संकेत, आणि त्यात हा रंग. ते राजधानी बामाकोला गेले आणि रेल्वे स्थानकाच्या हॉटेलात वाजवणाऱ्या रेल बँडमध्ये गाऊ लागले.

इतर आफ्रिकी देशांत काय परिस्थिती आहे?

बुरुंडीत २००८ पासून आणि मलावीत २०१४ च्या अखेरीपासून हल्ल्यांची लाट आली. केनियात सरकार ऊनरोधक मलम मोफत पुरवते आणि तेथील २०१९ च्या जनगणनेत अल्बिनिझम असलेल्या व्यक्तींची स्वतंत्र मोजणी झाली. संयुक्त राष्ट्रांनी १३ जून हा दिवस २०१५ पासून अल्बिनिझम जागृतीसाठी ठरवला. त्याच वर्षी नायजेरियाच्या इक्पोन्वोसा इरो यांची या विषयावरील पहिल्या स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली, आणि त्यांना स्वतःलाही अल्बिनिझम आहे.

टांझानियात नोकरीधंद्यानिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला काय करता येईल?

पहिली गोष्ट, फोटो काढू नये. मुलाचा चेहरा, शाळेचे नाव आणि गाव एकत्र समाजमाध्यमांवर गेले, तर त्याचा ठावठिकाणा कुणालाही कळतो. आणि तेथे ही भीती काल्पनिक नाही. दुसरी गोष्ट, आपल्या कार्यालयात किंवा दुकानात अल्बिनिझम असलेला उमेदवार आला, तर त्याला दयेपोटी सोपे काम देण्यापेक्षा सावलीतले काम, संगणकाचा मोठा पडदा आणि खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची द्यावी, आणि मग इतरांइतक्याच कामाची अपेक्षा ठेवावी.

भेटवस्तू न्यायची असेल, तर भारतातून ऊनरोधक मलमाच्या बाटल्या नेण्याआधी त्यांची मुदत पाहावी, कारण मुदत टळलेले मलम लावून उन्हात गेलेले मूल मलम न लावलेल्यापेक्षाही निर्धास्त असते. त्यापेक्षा टोप्या न्याव्यात. क्रिकेटची टोपी चालत नाही, कारण तिच्यात कान आणि मान उघडी राहतात. चारही बाजूंनी किमान चार बोटे कड असलेली, हनुवटीखाली बांधायची नाडी असलेली सुती टोपी हवी. वर्गातल्या एकट्या मुलाला ती देण्याऐवजी शिक्षकांशी बोलून साऱ्या वर्गाला द्यावी, म्हणजे ती त्याच्या दप्तरात जात नाही.